हस्तगणकयंत्र

हातात धरून अथवा खिशात ठेवून वापरता येणारे, विद्युत् घटावर किंवा प्रकाशघटावर चालणारे, आकडेमोड व इतर गणितीय कृत्ये करणारे छोटे इलेक्ट्रॉनीय साधन. व्यवहारात ते ‘कॅल्क्युलेटर’ या इंग्रजी नावानेच अधिक परिचित आहे. टेबलावर ठेवण्याची यांत्रिक व विद्युत् यांत्रिक गणकयंत्रे त्यापूर्वी सु. तीन शतके या ना त्या स्वरूपात अस्तित्वात होती. तथापि एकट्या व्यक्तीच्या मालकीचे आणि तिच्या खिशात मावणारे इलेक्ट्रॉनीय साधन १९७० नंतरच्या दशकातच प्रचारात आले. संगणकाच्या इतिहासात या साधनाला बहुधा तळटिपेची जागा दिली जाते. व्यक्तिगत संगणकाचा आरंभ १९७५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या आल्टेअर ८८०० या संचापासून मानण्याचा प्रघात आहे. परंतु आल्टेअर बनविणारी कंपनी मुळात गणकयंत्रे विकत होती, ज्या सूक्ष्मप्रक्रियकामुळे असा संगणक शक्य झाला तो एका गणकयंत्रासाठी आखला गेला होता आणि ‘व्यक्तिगत संगणक’ हे शब्द प्रारंभी ज्या जाहिरातींत आढळतात त्यांपैकी एक गणकयंत्राचीच आहे. त्यामुळे हस्तगणकयंत्राचा इतिहास काहीसा तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते. [→ गणकयंत्रे, संगणक].

पूर्वेतिहास : ब्लेझ पास्काल यांनी १६४२ मध्ये बेरीज-वजाबाकीचे यंत्र तयार केले व लायप्निट्स यांनी गुणाकारासाठी पायऱ्या असलेला दंडगोल योजिला. त्याच तत्त्वावरील शार्ल तॉमा यांचे ‘अरिथ्मोमीटर’ (एकस्व १८२०) हे कार्यालयांतून वापरले गेलेले पहिले यंत्र होय. ही सर्व यंत्रे टेबलावरची होती. खिशातील साधन म्हणून अभियंत्यांकडे सतराव्या शतकापासून होती ती स्लाइड रूल ही सरकपट्टी. तीवर गुणाकार, भागाकार, वर्गमुळे व त्रिकोणमितीय फलने झटपट मिळत. मात्र उत्तर साधारणतः तीन सार्थ अंकांपुरतेच अचूक असे, दशांश चिन्हाची जागा मनात ठरवावी लागे आणि बेरीज करता येत नसे.

खिशात मावेल असे यांत्रिक गणकयंत्र एकच झाले असे म्हटले तरी चालेल. ते म्हणजे व्हिएन्ना येथील कुर्ट हेर्त्सश्टार्क (१९०२–८८) यांचे ‘कुर्टा’. मिरी दळण्याच्या चक्कीसारखे दिसणारे हे यंत्र मुठीत धरून वरची मूठ फिरवीत वापरावयाचे असे. प्रत्येक अंकस्थानास स्वतंत्र दंडगोल न देता सर्वांसाठी मध्यभागी एकच पायऱ्यांचा दंडगोल ठेवणे आणि वजाबाकी पूरक संख्येच्या बेरजेने करणे, या दोन कल्पनांमुळे त्याची उंची सु. ८·५ सेंमी. व व्यास सु. ५·३ सेंमी. इतकाच राहिला. मूठ किंचित वर ओढून फिरविली की वजाबाकी होई. हेर्त्सश्टार्क यांचे वडील ज्यू होते. १९४३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना अटक करून बूखेनव्हाल्ट येथील छळछावणीत टाकले. त्यांच्या यंत्राची माहिती छावणीच्या अधिकाऱ्यांना होती व विजयानंतर ते हिटलरला भेट देता येईल या हेतूने त्यांनी हेर्त्सश्टार्क यांना आराखडे पूर्ण करण्याची मुभा दिली. एप्रिल १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली, तेव्हा ही रेखाचित्रे तयार होती. पुढे लिख्टेनश्टाइन येथील कोंटिना कंपनीने १९४८ पासून सु. १९७० पर्यंत दोन प्रकारांत मिळून सु. १,४०,००० यंत्रे बनविली. इलेक्ट्रॉनीय यंत्रे येताच कुर्टाचे उत्पादन बंद पडले.

इलेक्ट्रॉनीय गणकयंत्रे : ब्रिटनमधील बेल पंच कंपनीचे ‘अनिता’ (१९६१) हे बाजारात आलेले पहिले संपूर्ण इलेक्ट्रॉनीय टेबल-गणकयंत्र. त्यात थंड ऋणाग्राच्या नलिका होत्या. १९६४ मध्ये जपानच्या शार्प कंपनीने ट्रँझिस्टरयुक्त सीएस-१०ए बाजारात आणले. त्याचे वजन २५ किग्रॅ. व किंमत ५,३५,००० येन, म्हणजे त्या वेळच्या एका मोटारगाडीइतकी होती.

यानंतरची दोन यंत्रे खिशात मावणारी नसली, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. इटलीच्या ओलिव्हेत्ती कंपनीत प्येर जॉर्जो पेरोत्तो यांच्या गटाने बनविलेले ‘प्रोग्राम्मा १०१’ हे यंत्र १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात मांडण्यात आले. त्यात आज्ञांचा क्रम म्हणजे कार्यक्रम साठविता येई, अटीनुसार क्रम बदलता येई आणि तो कार्यक्रम चुंबकीय पट्टिकेवर नोंदवून पुन्हा वापरता येई. तज्ञ चालकाची, वातानुकूलित खोलीची अथवा पाळीची वाट पाहण्याची गरज नव्हती. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने ९१००ए हे टंकलेखन यंत्राएवढे, सु. १८ किग्रॅ. वजनाचे यंत्र ४,९०० डॉलर किंमतीस आणले. सायन्स या साप्ताहिकाच्या ऑक्टोबर १९६८ मधील जाहिरातीत त्याला ‘व्यक्तिगत संगणक’ असे म्हटले होते. विक्री मात्र ‘गणकयंत्र’ या नावाने झाली. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांनी पुढे याचे दिलेले कारण मार्मिक आहे : यंत्राला संगणक म्हटले असते, तर ते आयबीएमच्या यंत्रासारखे दिसत नाही म्हणून ग्राहकांच्या संगणक विभागांतील जाणकारांनी ते नामंजूर केले असते. संगणक म्हटले की खरेदीचा प्रस्ताव संगणक केंद्राच्या प्रमुखाकडे जाई. गणकयंत्र हे कार्यालयीन किंवा प्रयोगशाळेतील साहित्यात मोडे आणि विभागप्रमुख स्वतःच्या अधिकारात ते घेऊ शके. ‘गणकयंत्र’ व ‘संगणक’ यांतील सीमारेषा त्या काळी तांत्रिक जितकी होती, त्याहून अधिक ती प्रशासकीय होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

खिशाएवढे यंत्र : टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये संकलित मंडलाचा शोध लावला होता (यासाठी २००० सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला). लष्कराबाहेर या मंडलाला मागणी नव्हती. ती निर्माण व्हावी म्हणून कंपनीचे प्रमुख पॅट हॅगर्टी यांनी १९६५ मध्ये किल्बी यांच्यापुढे हातात मावणाऱ्या गणकयंत्राचे उद्दिष्ट ठेवले. किल्बी, जेरी मेरिमन व जेम्स व्हॅन टॅसल यांनी ‘कॅल-टेक’ या सांकेतिक नावाने हे काम १९६७ मध्ये तडीस नेले. मंडलाच्या रचनेचा मोठा भार वाहणारे मेरिमन यांनी महाविद्यालयीन पदवी घेतलेली नव्हती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमाच्या ठोकळ्यातून कोरलेल्या पेटीतील हा नमुना सु. १५ सेंमी. लांब व सु. १·३ किग्रॅ. वजनाचा होता, चार मूलभूत कृत्ये करून तो उत्तर उष्णतेने उमटणाऱ्या कागदी फितीवर छापी. सप्टेंबर १९६७ मध्ये एकस्वासाठी अर्ज झाला व १९७४ मध्ये एकस्व मिळाले. याच कल्पनेवर आधारलेले ‘पॉकेट्रॉनिक’ हे यंत्र जपानच्या कॅनन कंपनीने १९७० मध्ये बाजारात आणले. नावात खिसा असला, तरी ते खिशात मावत नसे.

१९७१ च्या आरंभी जपानच्या बिझिकॉम कंपनीने एलई-१२०ए ‘हँडी’ हे यंत्र काढले. त्यातील सर्व तर्कमंडल मॉस्टेक कंपनीने बनविलेल्या एकाच सिलिकॉन चकतीवर होते आणि आकडे प्रकाश उत्सर्जक डायोडांनी उमटत. खऱ्या अर्थाने खिशात मावणारे पहिले इलेक्ट्रॉनीय गणकयंत्र ते हेच. त्याच वर्षी अमेरिकेत बोमार कंपनीचे यंत्र २४० डॉलरला मिळू लागले. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे ‘एक्झिक्युटिव्ह’ (१९७२) केवळ ९ मिमी. जाडीचे होते. घड्याळात किंवा श्रवणयंत्रात बसवितात तसल्या बारीक घटांवर ते चालावे म्हणून मंडलाचा विद्युत् पुरवठा अखंड न ठेवता अतिसूक्ष्म स्पंदांनी देण्याची युक्ती त्यात केली होती. दोन स्पंदांमधल्या काळात मंडलात साठलेला विद्युत् भार आकडे ‘विसरू’ देत नसे. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९७२ मध्ये काढलेले ‘मिनी’ हे सहा अंकी यंत्र १२,८०० येनला होते आणि दहा महिन्यांत त्याचे १० लक्ष नग खपले. सहा अंक पुरेसे कसे, हा प्रश्न अभियंत्यांनी विचारला असता. किराणा दुकानदाराने तो विचारला नाही.

सूक्ष्मप्रक्रियकाचा उगम : वर उल्लेखिलेल्या बिझिकॉम कंपनीने १९६९ मध्ये टेबलावरील छपाई-गणकयंत्रांच्या मालिकेसाठी विशिष्ट कामाच्या सु. डझनभर मंडल-चकत्यांची मागणी इंटेल या नव्या कंपनीकडे नोंदविली. इंटेलमध्ये तेवढे आराखडेकार नव्हते. तेव्हा टेड हॉफ यांनी निराळा प्रस्ताव मांडला : प्रत्येक यंत्रासाठी वेगळी मंडले आखण्याऐवजी एक छोटा, सर्वसाधारण कामाचा प्रक्रियक बनवावा आणि गणकयंत्राचे गुणधर्म स्मृतीत साठविलेल्या कार्यक्रमाने ठरवावेत. स्टॅन्ली मेझर यांनी या आराखड्यात भाग घेतला, फेडेरिको फॅजिन यांनी १९७० पासून तो सिलिकॉनवर उतरविला व बिझिकॉमकडून आलेले अभियंते मासातोशी शिमा यांनी तर्करचनेत मोलाची मदत केली. अशा रीतीने तयार झालेल्या ४००४ या चार द्विमान अंकांच्या प्रक्रियकात सु. २,३०० ट्रँझिस्टर होते.

करारानुसार ४००४ वर बिझिकॉमचा एकाधिकार होता. दरम्यान गणकयंत्रांच्या किंमती घसरू लागल्या आणि बिझिकॉमने दरात सवलत मागितली. इंटेलने ६०,००० डॉलर परत करून त्या बदल्यात हा प्रक्रियक इतरांना विकण्याची मोकळीक मिळविली व नोव्हेंबर १९७१ मध्ये त्याची जाहिरात केली. १९७४ मध्ये बिझिकॉमचे दिवाळे वाजले. औद्योगिक इतिहासात इतक्या स्वस्तात हातचा गेलेला हक्क क्वचितच दाखविता येईल. पण बिझिकॉमला त्या वेळी सूक्ष्मप्रक्रियक नको होता, स्वस्त गणकयंत्र हवे होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. [→ सूक्ष्मप्रक्रियक].

एचपी-३५ व सरकपट्टीचा अस्त : चार कृत्यांची यंत्रे हिशेबनिसाच्या कामाची होती. अभियंत्याला लॉगरिथम, घातांकी व त्रिकोणमितीय फलने लागतात. आपल्या कंपनीचे ९१००ए हे यंत्र सदऱ्याच्या खिशात मावेल एवढे करावे, असा ह्यूलेट यांचा आग्रह होता. बाजारपेठेच्या पाहणीचा निष्कर्ष प्रतिकूल आला होता : २० डॉलरच्या सरकपट्टीच्या जागी कोणी ४०० डॉलर देणार नाही. तरीही यंत्र बनविण्यात आले. १९७२ च्या आरंभी ३९५ डॉलर किंमतीस विक्रीस आलेल्या या यंत्राला ३५ कळा होत्या व म्हणून त्याचे नाव एचपी-३५ असे पडले. पहिल्या वर्षी १०,००० नग खपले तरी खर्च भरून निघेल असा अंदाज होता, खपले सु. १,००,०००.

त्याची अंतर्गत कार्यपद्धती मनोवेधक आहे. ज्या, स्पर्शज्या यांसारखी फलने काढण्यासाठी श्रेढीतील पदांचे गुणाकार करीत बसणे त्या काळच्या मंडलांना परवडणारे नव्हते. त्याऐवजी जॅक व्होल्डर यांनी १९५० नंतरच्या दशकात विमानाच्या मार्गनिर्देशनासाठी शोधलेली ‘कॉर्डिक’ रीत योजिली गेली. दिलेला कोन अशा छोट्या कोनांच्या बेरजेत मोडावयाचा की, त्यांच्या स्पर्शज्या १, ०·१, ०·०१, ... अशा असतील. असा प्रत्येक कोन फिरविताना करावा लागणारा गुणाकार म्हणजे केवळ दशांश चिन्ह सरकविणे ठरते आणि मग बेरीज, वजाबाकी व स्मृतीत ठेवलेली काही स्थिर मूल्ये एवढ्यावर भागते. लॉगरिथमासाठीही याच धर्तीची रीत वापरली होती.

या यंत्रावर ‘=’ ही कळ नव्हती. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासियेव्हिच यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडलेल्या कंसरहित अंकनाची उलटी आवृत्ती त्यात वापरली होती. (३ + ४) × ५ हे काढण्यासाठी ३, ‘एंटर’, ४, +, ५, × या क्रमाने कळा दाबावयाच्या. संख्या चार थरांच्या चळतीत एकीवर एक रचल्या जात व क्रियेची कळ दाबताच वरच्या दोन संख्यांवर ती क्रिया होई. प्रारंभी चमत्कारिक वाटणारी ही पद्धत अंगवळणी पडली की सुटत नसे. तिचे वापरकर्ते व ‘बीजगणितीय’ पद्धतीचे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे वापरकर्ते यांच्यातील वाद अनेक वर्षे चालला. मात्र एचपी-३५ निर्दोष नव्हते. २·०२ चा नैसर्गिक लॉगरिथम काढून त्याचा पुन्हा घातांक घेतला असता २·०२ ऐवजी २ एवढेच उत्तर येई. दोष उघड होईपर्यंत हजारो यंत्रे विकली गेली होती. कंपनीने ग्राहकांना कळवून यंत्रे बदलून देऊ केली. अंक प्रकाशात उमटले म्हणजे ते बरोबरच असणार, ही समजूत किती तकलादू आहे ते या प्रसंगाने प्रारंभीच दाखवून दिले. सरकपट्टीवरचे तीनच अंक वाचणाऱ्याला उत्तराचा अंदाज आधीच बांधावा लागे. दहा अंक दाखविणाऱ्या यंत्राने ती सवय मोडली.

सरकपट्टीचा व्यवसाय यानंतर जेमतेम चार वर्षे टिकला. अमेरिकेतील कॉयफेल अँड एसर या जुन्या कंपनीने १९७६ पर्यंत सरकपट्ट्या बनविणे थांबविले. साडेतीनशे वर्षे वापरात असलेले साधन इतक्या अल्पावधीत नाहीसे झाल्याचे उदाहरण तंत्रविद्येच्या इतिहासात विरळाच.

कार्यक्रमणक्षम हस्तगणकयंत्रे : जानेवारी १९७४ मध्ये आलेल्या एचपी-६५ या यंत्रात १०० आज्ञांपर्यंतचा कार्यक्रम साठविता येई व तो च्युइंग गमच्या पट्टीएवढ्या चुंबकीय पट्टिकेवर नोंदविता येई. त्याची किंमत ७९५ डॉलर होती. जुलै १९७५ मधील अपोलो–सोयूझ या अमेरिकन–सोव्हिएट अंतराळ भेटीत अमेरिकन अंतराळवीरांनी मार्ग-दुरुस्तीच्या गणनांसाठी, यानातील संगणकाला पूरक म्हणून, ते जवळ बाळगले होते. आज्ञा साठविणे, त्यांची पुनरावृत्ती करणे व तुलनेच्या निकालानुसार पुढचा मार्ग निवडणे या तीन गोष्टी संगणकाच्या लक्षणांत मोडतात आणि त्या तिन्ही एचपी-६५ मध्ये होत्या. अक्षरे मात्र त्याला ठाऊक नव्हती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने एसआर-५२ (१९७५) व टीआय-५९ (१९७७) ही यंत्रे काढून यास उत्तर दिले. टीआय-५९ मध्ये ९६० आज्ञांपर्यंत जागा होती व सांख्यिकी, सर्वेक्षण, नौकानयन इ. विषयांचे तयार कार्यक्रम असलेल्या स्मृती-डब्या त्यात बसविता येत.

यंत्रापेक्षाही महत्त्वाचा ठरला तो त्याभोवती जमलेला वापरकर्त्यांचा समाज. रिचर्ड नेल्सन यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एचपी-६५ वापरणाऱ्यांचे मंडळ सुरू केले. त्याच्या पत्रिकेतून सभासद एकमेकांचे कार्यक्रम छापीत, दोन आज्ञा कमी करण्यासाठी स्पर्धा करीत आणि माहितीपुस्तिकेत न दिलेल्या यंत्राच्या खोड्या हुडकीत. १९७९ मध्ये आलेल्या एचपी-४१सी या अक्षरे दर्शविणाऱ्या यंत्रात तर निर्मात्यांना अभिप्रेत नसलेल्या आज्ञा कृत्रिम रीतीने घडवून वापरण्याचे एक शास्त्रच या मंडळींनी उभे केले. पुढे याच मंडळाने सभासदांनी लिहिलेल्या १२२ कार्यक्रमांची स्थिर-स्मृतीची डबी ह्यूलेट-पॅकर्डकडून करवून घेतली. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता कार्यक्रम वाटून घेण्याची ही रीत पुढील काळात व्यक्तिगत संगणकाच्या चाहत्यांत सर्वत्र आढळली.

सोव्हिएट संघातही हेच घडले. तेथे घरगुती संगणक मिळणे दुरापास्त होते, परंतु १९८० पासून बी३-३४ हे कार्यक्रमणक्षम हस्तगणकयंत्र उपलब्ध झाले. चूक झाल्यास त्याच्या दर्शकावर इंग्रजी ‘एरर’ या शब्दाऐवजी रशियन लिपीत ‘येग्गोग’ असे वाचता येईल अशी आकृती उमटे. त्यावरून यंत्राच्या अनुक्त गुणधर्मांच्या अभ्यासाला वापरकर्त्यांनी ‘येग्गोगशास्त्र’ असे नाव दिले. तेख्निका मोलोद्योझी या युवकांच्या मासिकाने १९८५ पासून मिखाईल पुखोव्ह यांची चंद्राहून पृथ्वीकडे निघालेल्या दोघांची विज्ञानकथा क्रमशः छापली. वाचकांनी प्रत्येक भागातील यान आपापल्या गणकयंत्रावर कार्यक्रम चालवून उतरवावयाचे असे. एका अंकपट्टीवर उतरणारे हे यान पाहता, संगणक कशास म्हणावे हा प्रश्न केवळ आकाराचा नाही हे पटते.

किंमतयुद्ध व व्यक्तिगत संगणक : गणकयंत्राच्या चकत्या बनविणाऱ्या टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९७२ मध्ये स्वतःच गणकयंत्रे विकावयास प्रारंभ केला. चकत्या विकत घेऊन केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना यातून वाट उरली नाही. १९७२ मध्ये एचपी-३५ च्या रूपाने ३९५ डॉलरला मिळणाऱ्या शास्त्रीय फलनांचे यंत्र टीआय-३० या रूपाने १९७६ मध्ये २५ डॉलरच्या आत मिळू लागले. बोमार कंपनी १९७५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. परंतु बुडू लागलेल्यांपैकी काहींनी जी फळी धरली ती संगणकाची होती.

न्यू मेक्सिकोमधील आल्बकर्की येथील एड रॉबर्ट्स यांच्या ‘मिट्स’ या छोट्या कंपनीने १९७१ मध्ये घरी जुळविण्याच्या गणकयंत्राचा संच १७९ डॉलरला आणला. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या मासिकाच्या नोव्हेंबर १९७१ च्या मुखपृष्ठावर तो झळकला. दोन वर्षे भरभराटीची गेली. १९७४ पर्यंत मात्र तयार यंत्रेच मिट्सच्या सुट्या भागांच्या खर्चाहून कमी दराने विकली जाऊ लागली व कंपनी कर्जात बुडाली. तेव्हा रॉबर्ट्स यांनी इंटेलचा ८०८० हा प्रक्रियक, ज्याची सुटी किंमत ३६० डॉलर होती, घाऊक खरेदीत ७५ डॉलरप्रमाणे मिळविला आणि जुळणीच्या संगणकाचा संच आखला. हाच आल्टेअर ८८००. त्याच मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात तो जाहीर झाला. शे-दोनशे नगांच्या आशेवर असलेल्या कंपनीकडे हजारो मागण्या आल्या. बिल गेट्स व पॉल ॲलन यांची मायक्रोसॉफ्ट ही संस्था याच यंत्रासाठी ‘बेसिक’ भाषा पुरविण्यातून उभी राहिली. रॉबर्ट्स यांनी १९७७ मध्ये कंपनी विकली व नंतर वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते जॉर्जियात डॉक्टर म्हणून स्थायिक झाले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

जॅक ट्रॅमिएल यांची कमोडोर ही कंपनीही टेक्ससच्या चकत्यांवर गणकयंत्रे जुळवीत होती व त्याच किंमतयुद्धात ती जेरीस आली. दुसऱ्याच्या चकत्यांवर पुन्हा अवलंबून राहावयाचे नाही, या निश्चयाने ट्रॅमिएल यांनी १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी ही चकत्या बनविणारी कंपनी विकत घेतली. त्याबरोबर अवघ्या २५ डॉलरचा ६५०२ हा प्रक्रियक व त्याचे एक निर्माते चक पेडल हे दोन्ही हाती आले आणि १९७७ मध्ये ‘पेट’ हा संगणक अवतरला. गणकयंत्रासारख्या चिमुकल्या कळांमुळे त्यावर टंकलेखन करणे कष्टाचे होते. १९८२–८३ मध्ये घरगुती संगणकांच्या बाजारात कमोडोरने किंमती इतक्या उतरविल्या की, ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सला त्या क्षेत्रातून माघार घ्यावी लागली.

ॲपल संगणकाचे निर्माते स्टीव्ह वॉझ्निॲक हे १९७३ पासून ह्यूलेट-पॅकर्डच्या गणकयंत्र विभागात अभियंता होते. आपला आराखडा त्यांनी प्रथम कंपनीला देऊ केला होता. तो नाकारला गेला. १९७६ मध्ये ॲपल-१ साठी भांडवल उभे करताना त्यांनी स्वतःचे एचपी-६५ विकले. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर यांनी गणकयंत्रांतून शिकलेली काटकसर १०० पौंडांच्या आतील झेडएक्स-८० (१९८०) व झेडएक्स-८१ (१९८१) या संगणकांत वापरली. १९७४ च्या त्यांच्या ‘सायंटिफिक’ यंत्रात चार कृत्यांसाठी बनविलेल्या, केवळ ३२० आज्ञांची जागा असलेल्या चकतीत नायजेल सर्ल यांनी लॉगरिथम व त्रिकोणमितीय फलने कोंबली होती. उत्तरे तितकीशी अचूक नसत, पण येत. व्यक्तिगत संगणक कार्यालयात नेणारी ‘व्हिजिकॅल्क’ (१९७९) ही ताळेबंदाची प्रणालीही गणकयंत्रातून सुचलेली आहे. हार्व्हर्ड येथे व्यवस्थापन शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी आपल्या हातातील गणकयंत्राखाली माउसचा गोळा असावा आणि डोळ्यांसमोर हवेत आकड्यांचे कोष्टक तरंगावे, अशी कल्पना केली होती. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने ती ॲपल-२ च्या पडद्यावर उतरली.

भारत : आयातनिर्बंधांमुळे १९७०–८० या दशकात परदेशी हस्तगणकयंत्रे भारतात थोड्यांच्याच हाती पडली. दिल्लीच्या डीसीएम समूहाच्या डेटा प्रॉडक्ट्स शाखेने टेबलावरील गणकयंत्रे बनविली. त्या शाखेतून बाहेर पडलेल्या शिव नाडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभी ‘मायक्रोकॉम्प’ ही संस्था काढून गणकयंत्रे विकली व त्या पैशाच्या आधारे १९७६ मध्ये हिंदुस्थान कॉम्प्युटर्स ही कंपनी उभी केली. गणकयंत्राकडून संगणकाकडे जाण्याची वाट येथेही तीच होती. शिक्षणक्षेत्राने मात्र हे साधन जपूनच आत घेतले. अमेरिकेतील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्येच सर्व इयत्तांत गणकयंत्र वापरावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक परीक्षेच्या भौतिकीच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगरिथम सारणीस अनुमती व गणकयंत्रास मनाई अशी सूचना अद्याप असते. हा निर्णय मागासलेला म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सारणी वापरणाऱ्यास पूर्णांश स्वतः ठरवावा लागतो, म्हणजेच उत्तराचा आवाका आधी ओळखावा लागतो. पण सारणीबाहेर ज्यांना तिचा पुन्हा कधी उपयोग होणार नाही अशा लक्षावधी विद्यार्थ्यांचे तास त्यात खर्ची पडतात, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

उत्तरकाल : द्रव स्फटिकाच्या दर्शकामुळे विजेची गरज एकदम घटली. शार्पच्या ईएल-८०५ (१९७३) या यंत्राने हा मार्ग दाखविला. पुढे प्रकाशघटांवर चालणारी यंत्रे आली आणि कॅसिओचे एसएल-८०० (१९८३) तर केवळ ०·८ मिमी. जाडीचे होते. शार्पच्या पीसी-१२११ (१९८०) या खिसा-संगणकात ‘बेसिक’ भाषा होती. आलेख काढणारे पहिले हस्तगणकयंत्र कॅसिओचे एफएक्स-७०००जी (१९८५) होय. एचपी-२८सी (१९८७) हे अक्षरी बीजगणित करू लागले. आज गणकयंत्र बहुतेकांजवळ असते ते भ्रमणध्वनीतील एका चौकोनाच्या रूपात. स्वतंत्र यंत्र टिकून आहे ते मुख्यतः दोन ठिकाणी : दुकानाच्या गल्ल्यावर आणि, ज्या देशांत अनुमती आहे तेथे, परीक्षेच्या दालनात. परीक्षा मंडळांना सर्वसमर्थ यंत्र नको असते. काय करता येते व काय येत नाही हे निश्चित असलेले यंत्र हवे असते. १९८१ मध्ये आलेले एचपी-१२सी हे वित्तीय गणकयंत्र चार दशकांनंतरही जवळजवळ त्याच रूपात विकले जाते व त्यावर ‘=’ ही कळ अजूनही नाही.